परत आलेलं सामान

रंगाऱ्याच्या घरात हवी ती वस्तू हवी तेव्हा कधी सापडली नाही. कात्री वरच्या मजल्यावर गेलेली असायची, मोठं पातेलं गल्लीच्या टोकाला, आणि छत्री कुठे आहे ते छत्रीलाच ठाऊक. याला कारण त्याची बायको. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची आणि संध्याकाळी वाटेत चार दारं करूनच घरी पोचायची. कुणाचं काय अडलंय ते तिला न सांगता कळायचं, आणि एकदा कळलं की घरातलं काही ना काही त्या दिशेने निघायचं. गल्लीतली सगळी तिला मावशी म्हणत.

रंगारी कंजूष नव्हता, पण वस्तू जागच्या जागी हवी, ब्रश धुऊन उलटा टांगलेला हवा आणि आपल्यावर कुणाकडे काही मागायची पाळी येऊ नये, असा त्याचा खाक्या होता. एकदा सकाळी एका बँकेची भिंत रंगवायला निघाला तर शिडीच जागेवर नाही.

"अगं, शिडी?"

"समोरच्या बसवाल्यांकडे दिली. त्यांची मांजर पत्र्यावर अडकलीय."

"चढली ना? मग उतरेल."

"चढणं सोपं, उतरणं अवघड, असं तुम्हीच सांगता की."

त्या दिवशी बँकेतली टेबलं एकावर एक रचून त्याने भिंतीचं वरचं टोक गाठलं. घरी आला तो फुरंगटूनच, पण मांजर कशी उतरवली ते ती इतकं रंगवून सांगत होती की शेवटी त्यालाही हसू आवरेना.

थोरल्या मुलीसाठी त्याने स्वतःच्या हाताने लाकडी पाळणा केला होता. तो बसवाल्याच्या जुळ्या मुलींसाठी गेला, आणि तेवढ्यात धाकटा जन्माला आला. "पाळणा मागून आण," रंगारी म्हणाला. "आणि त्या दोघींना काय जमिनीवर टाकू?" तिने विचारलं. धाकटा ट्रंकेत दुलई घालून वाढला. आता त्याला दाढी आली, दूरच्या शहरात नोकरी लागली, तरी कुणी नवीन भेटलं की सांगतो, "मी या घरात सामान म्हणून आलो."

ती काही देवमाणूस वगैरे नव्हती. चुलीवर दूध ठेवून गप्पांत विसरायची. पत्त्यांत सर्रास लबाडी करायची आणि पकडली गेली की पत्ते फेकून देऊन खो खो हसायची. रागावली की अबोला धरायची, पण तिला स्वतःलाच तो झेपायचा नाही. संध्याकाळपर्यंत भिंतीला उद्देशून बोलायला लागायची, "काही लोकांना चहा हवा असेल तर त्यांनी सांगावं."

रंगारी परांचीवरून पडला आणि त्याचं कमरेचं हाड मोडलं, तेव्हा मात्र तिचा खरा कस लागला. हातातलं काम सुटलं आणि पडल्या पडल्या छताकडे बघणं एवढाच त्याचा उद्योग उरला. त्याने दाढी करणं सोडलं, मुलांशी बोलणं सोडलं. ती धुलाईघरात जादा पाळ्या करायची, घर ओढायची, पण त्याबद्दल एक शब्द काढायची नाही. एके दिवशी एक मोडकळीस आलेलं स्टूल घेऊन ती दारात उभी राहिली.

"शेजारणीचं आहे. बघा तरी, किती बापुडवाणं दिसतंय. बसल्या बसल्या एक हात मारता का?"

स्टूल झालं, मग कुणाची खुर्ची आली, कुणाच्या खिडकीची झडप. महिनाभरात पलंगाशेजारी दुकान थाटल्यासारखं झालं. ही माणसं आपणहून येत नाहीत, हिने दारोदार जाऊन जुनी लाकडं गोळा केलीत, हे रंगाऱ्याला कळत होतं. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. फक्त एका सकाळी उठून दाढी केली, आणि तिने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

ती गेली ती गेल्या थंडीत. ताप छातीत उतरला आणि तिला तिच्याच हॉस्पिटलात हलवावं लागलं. पलंगावर पडल्या पडल्या तिने चादरीचा कोपरा चिमटीत धरून निरखला. "ही इस्त्री माझ्या हातची नाही," ती म्हणाली. "बघा, कड कशी वाकडी बसलीय." रंगारी हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली तिच्या केसांची वेणी घालत असताना ती गेली.

मग सामान परत यायला लागलं.

पहिल्यांदा पातेलं आलं, आतून लख्ख घासलेलं. मग गरम पाण्याची पिशवी, कात्री, दोन खुर्च्या, कुबड्या, एक घमेलं, आणि चक्क छत्रीसुद्धा. प्रत्येकजण दारात घुटमळायचा आणि म्हणायचा, "मावशीच नाहीत, आता ठेवून कसं घ्यायचं?" घरात पाऊल ठेवायला जागा उरेना. आयुष्यभर ज्या वस्तूंसाठी त्याने डोकं आपटलं त्या सगळ्या आता एका जागी होत्या, आणि त्याला त्या नको होत्या. एकेक वस्तू दारात टेकली की वाटायचं, गल्लीतून तिची तेवढी खूण पुसली गेली.

बसवाला पाळणा घेऊन आला. त्याच्या मुली केव्हाच मोठ्या झाल्या होत्या. पाळण्याला हिरव्या रंगाचा जाड थर बसला होता आणि जागोजागी ओघळ सुकलेले.

"रंग कुणी दिला?" रंगाऱ्याने विचारलं.

"मीच दिला होता."

"दिसतंय."

बसवाला ओशाळून हसला, मग दोघंही हसले. तो गेल्यावर रंगाऱ्याने फळीवरून पॉलिशपेपर काढला. तो ओघळ काही त्याला बघवेना.

रविवारी थोरली आली तेव्हा बाप अंगणात लाकूड घासत बसलेला. तिने सामानाच्या ढिगाकडे नजर टाकली.

"धाकटा म्हणतो विकून टाका."

"विकून काय करू? आणि ठेवून तरी काय करू?" तो म्हणाला. "तुझ्या आईला उधळायची हौस, दुसरं काय."

"बाबा, मी एकदा तिला विचारलं होतं, असं सगळं वाटत का सुटतेस म्हणून." थोरलीने पॉलिशपेपरचा तुकडा उचलला आणि त्याच्या शेजारी बसली. "तर म्हणते, अगं, न्यायला एकदा येतात आणि द्यायला एकदा येतात. तेवढंच बोलणं होतं. तुझ्या बापाला तरी कोण बोलतं करणार नाहीतर?"

रंगाऱ्याने पॉलिशपेपरची नवी घडी घातली. मग म्हणाला, "कोपऱ्यात जोर लाव. हिरवा रंग राहिलाय तिथे."

त्या आठवड्यात वरच्या खोलीत नव्याने राहायला आलेली नर्स दार वाजवायला लागली. दिवस भरत आलेले, हातात नवा बल्ब.

"काका, तुमच्याकडे शिडी आहे म्हणे. नवरा पाळीवर गेलाय आणि खोलीत अंधार आहे."

"तुम्ही चढणार? या अवस्थेत?"

तिने खांदे उडवले. रंगाऱ्याने शिडी उचलली. पडल्यानंतर तो पुन्हा कधी शिडीवर चढला नव्हता. वर खोलीत ती खालून शिडी घट्ट धरून उभी राहिली आणि तो दबकत, कमरेला विचारत विचारत, पायऱ्या चढला. दिवा लागला तेव्हा त्याला भिंती दिसल्या.

"रंग कुणी दिलाय हा?" तो वरूनच म्हणाला. "पोपडे धरलेत. बाळ यायच्या आत करून देतो. आणि खाली एक पाळणा वाळतोय, तोही तुमचाच समजा."

मग त्याने दारात खुर्ची टाकून बसायला सुरुवात केली. समोरून कुणी जाताना दिसलं की हाक मारायचा. "अहो, घमेलं हवंय का? कुबड्या? घरात कुणी पडलंबिडलं तर सांगा." लोक हसायचे, पण न्यायचे. ढीग हळूहळू ओसरला.

सगळ्यात अवघड गोष्ट त्याने त्यानंतर केली. त्याचा कुकर बिघडला, शिट्टीच देईना. पूर्वीच्या रंगाऱ्याने चार दिवस पावावर काढले असते. तो जिना चढून नर्सच्या दारात गेला, घसा खाकरला, आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या दारात उभा राहून म्हणाला, "जरा कुकर मिळेल का? संध्याकाळी आणून देतो."

"देते की," ती आतून म्हणाली. "पण आधी आत या, बाळ नुकतंच जागं झालंय."

रंगाऱ्याने चपला काढल्या आणि तो आत जाऊन बसला.