गेणबा वस्तादांचा डावा पाय

गेणबा वस्ताद जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा कुठं कळस गावच्या मंडळाला जाग आली. म्हणे वस्तादांच्या गजीनृत्याचं पुस्तक काढायचं! चाळीस वर्षं त्या माणसानं धनगरांच्या पोरांना ढोलावर नाचवलं, इंदापूर-बारामतीकडच्या जत्रा गाजवल्या, तेव्हा एकानं कागदाला पेन लावला नाही. सत्त्याण्णव साल उजाडल्यावर शाळेचे मोहनराव मास्तर वही घेऊन वस्तादांच्या ओट्यावर बसले. शेजारी वस्तादांचे जुने जोडीदार रावजी तंबाखू मळत होते. वस्तादांची बायको चंद्राबाई उंबऱ्याच्या आत बसून ऐकत होती. तिला कोण विचारतंय!

रावजी एकेक घाई, म्हणजे नाचाची चाल, सांगत गेले. शेवटी खास वस्तादांची घाई आली.

"उजवा पाय टाकायचा, डावा मागनं ओढत आणायचा. मग रुमाल उडवायचा."

चंद्राबाईला खरं ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी सोमेश्वरनगरकडं ट्रकमध्ये ऊस भरताना वस्ताद फळीवरून पडले आणि डावा गुडघा कामातून गेला. "लंगड्याला कोण वस्ताद म्हणंल? कुणाला बोललीस तर माझी आण हाय," असं त्यांनी तिला बजावलं. गावाला सांगितलं, ही नवी घाई हाय. बारामतीला दवाखान्यात जायचं नाव काढलं की भडकायचे, एसटीत गावातलं कुणीतरी भेटणारच म्हणून. नाचून आले की ती वीट तापवून गुडघा शेकायची आणि ते तोंडात उपरणं कोंबून पडायचे. शेवटी गुडघ्यात पू होऊन अंथरूण धरलं, तरी लोकांना सांगितलं, ताप हाय.

आता ते दुखणं पुस्तकात छापणार? तिला राहवेना. ती बाहेर आली.

"मास्तर, खोडा ते. ती घाई न्हाय. पाय मोडला व्हता त्यांचा. खरी घाई येगळी, तिच्यात डावा पाय कंबरंइतका उडायचा." आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

मोहनराव रावजींकडं वळले. "रावजीआबा, तुम्हाला माहीत होतं?"

रावजींनी हातातली तंबाखू झटकली. "व्हय. समद्यांनाच. पयल्याच दिवशी कळलं. रिंगणात एकट्याचाच पाय ओढला तर जत्रा हसली असती. म्हणून आमी समद्यांनीच ओढला. पोरं आमचं बघून शिकली."

मास्तरांचे डोळे भरले. "केवढी ही माया! काकी, हे लिहायलाच पाहिजे."

"माया?" चंद्राबाईचा आवाज चिरकला. "लोकांना कळंल म्हणून त्यांनी दवाखान्याची पायरी चढली न्हाय. आन् तुमाला समद्यांना ठावं व्हतं?"

"वहिनी, त्यांचा मान राखला आमी..."

"चुलीत घाला तो मान! एकानं तरी म्हणायचं व्हतं, वस्ताद, आमाला ठावं हाय, चला बारामतीला. तोंडात बोळा कोंबून मेला माझा माणूस, भावजी!"

 रावजी खालमानेनं म्हणाले, "वहिनी, तुमी तरी कुठं सांगितलं?"

 आण घातली व्हती, असं चंद्राबाई म्हणणार होती, पण ते तिचं तिलाच पटेना.  मास्तरांनी वही मिटायला घेतली.

"मिटू नका," ती म्हणाली. "मी बी न्हाय सांगितलं. ते बी लिवा."