कोबीच्या आतल्या पानाचा रंग

माझे रंगारी सासरे रंगांच्या नमुन्यांच्या शेड कार्डाला पंखा म्हणायचे. गिऱ्हाइकाने ते उलगडून समोर धरलं की दोन मिनिटं वारा घ्यायचे, घडी करून परत द्यायचे आणि विचारायचे, "आता तोंडानं सांगा, कसला रंग हवाय?" लोक काहीबाही सांगत. ओल्या वाळूसारखा. आजीच्या शालीसारखा. सासरे फक्त मान हलवत. दुसऱ्या दिवशी डब्यात दोन-तीन रंग ओतून काठीने ढवळत, एक थेंब डाव्या अंगठ्याच्या नखावर घेत आणि खिडकीशी जाऊन ते नख उजेडात धरत. मग परत येऊन डब्यात आणखी काहीतरी टाकत. चाळीस वर्षं त्या नखाने त्यांना दगा दिला नाही. सगळे त्यांना अप्पा म्हणत, आणि नखावरचा रंग बघून अप्पा सध्या कुणाच्या घरी कामाला आहेत हे सांगणारेही होते.

मी या घरात आले ती होस्टेलांतून आणि भाड्याच्या खोल्यांतून. आईवडील लवकर गेले, मग काही दिवस मामाकडे, मग होस्टेल, मग नोकरीच्या गावी एकेक खोली. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हा माझ्या आयुष्याचा पहिला नियम. भिंती कुणीतरी आधीच रंगवलेल्या असत, बहुतेक उरलेल्या रंगात. स्वयंपाकात मला अंडं तेवढं उकडता येत होतं. इथे आल्यावर कळलं, घर शाकाहारी आहे आणि अंडंही चालत नाही. म्हणजे माझी पाककला उंबऱ्याबाहेरच संपली. हे ऐकून सासूबाई कपाळाला हात लावतील असं वाटलं होतं. "बरं झालं, मोडायच्या सवयी नाहीत," म्हणाल्या आणि माझ्या हातात सुरी आणि कोबीचा गड्डा दिला. पहिल्या वर्षी मी एवढा कोबी चिरला की झोपेतही हात चालत असेल.

लग्नाला आठ वर्षं झाल्यावर स्वयंपाकघराच्या छताची गळती एकदाची दुरुस्त झाली. नवं प्लास्टर आलं, ते सुकलं, आणि एका रविवारी अप्पांनी दारात उभं राहून विचारलं, "रंग कुठला?"

"पांढरा द्या," माझा नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

"तुला नाही विचारलं. जी तिथं उभी असते तिला विचारतोय."

मी कोबी चिरत होते. अर्धा गड्डा हातात होता. आतलं पान असतं ना, धड पिवळं नाही, धड हिरवं नाही, ओलसर, ते मला त्या पहिल्या वर्षापासून आवडतं. मी गड्डा पुढे केला. "असा. आतल्या पानाचा."

अप्पांनी एक नजर टाकली. मी पान काढून द्यायला लागले तर म्हणाले, "राहू दे गं. कोबी मला काय नवा आहे का?"

मी चौतीस वर्षांची होते, आणि तुला कुठला रंग हवा असं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. न्हाणीघरात जाऊन मी थोडी रडले. बाहेर आल्यावर कांद्यामुळे झालं म्हणून सांगितलं. त्या दिवशी स्वयंपाकात कांदा नव्हता.

अप्पा अडुसष्ट वर्षांचे होते. नऊ दिवस ते एकटेच खपले. घासकागदाने भिंत घासली, पुट्टी भरली, पुन्हा घासली, प्रायमर दिला. मदतीला गेलेल्या नवऱ्याला हाकलून दिलं. दार बंद असे आणि आम्ही मागच्या व्हरांड्यात शेगडीवर रांधायचो. दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली, दार उघडलं आणि अंगठा वर करून उभे राहिले.

स्वयंपाकघर निळं झालं होतं. फिकट निळं, त्यात किंचित जांभळी झाक.

"बोल," अप्पा म्हणाले.

आता मी काही तोंड दाबून बसणारी बाई नाही. मी छापखान्यात मुद्रितं तपासते, दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. नवऱ्याच्या किराणा यादीतलं शुद्धलेखनसुद्धा मी लाल पेनाने सुधारलं आहे. पण अप्पांच्या भुवयांवर प्रायमरचे पांढरे ठिपके होते आणि गुडघा दुखत असल्यामुळे त्यांनी दाराला हात टेकला होता.

"अगदी तसाच," मी म्हणाले.

अप्पा अंघोळीला गेल्यावर सासूबाई आत आल्या. चारही भिंती बघितल्या. "हे निळं आहे ना गं? का माझंच काही बिघडलंय?" "निळंच आहे," मी म्हणाले. मग त्यांनी फर्मान काढलं, की घरात या विषयावर कुणी अवाक्षर काढायचं नाही. नवऱ्याला अडचण नव्हती, भिंती निळ्या आहेत हे आठवडाभर त्याच्या लक्षातच आलं नाही. आमच्या सात वर्षांच्या लेकीला आवरणं अवघड होतं. "आपण स्विमिंग पूलमध्ये जेवतो," असं तिने शाळेत सांगून ठेवलं होतं.

त्या भिंतींपुढे बटाटे आजारी दिसत. फ्लॉवर तर बघवत नसे. मग मी गाजरं, टोमॅटो, लाल भोपळा, बीट असलं आणायला लागले. निळ्यापुढे ताट असं खुलून दिसे की लेक भोपळा मागून खायला लागली. सासूबाईंनी आठ वर्षांत शिकवलं नव्हतं ते त्या चुकलेल्या रंगाने मला शिकवलं. म्हणून मी मनाची समजूत घातली, की खोटं बोलले ते पचलं.

तीन महिन्यांनी कोपऱ्यावरच्या बेकरीचं काम निघालं. बेकरीवाल्याने रंग सांगितला, नुकत्या भाजलेल्या पावाच्या सालीचा. अप्पांनी रंगवून दिला. दुसऱ्या दिवशी ते तणतणत माझ्याकडे आले. "चल जरा. बेकरीवाला म्हणतो रंग चुकला. त्याला डोळे तपासून घे म्हणून सांगितलं, तर मलाच शहाणपण शिकवतोय. म्हटलं, माझ्या सुनेला विचार, तिची नजर पक्की आहे. तिच्या स्वयंपाकघराचा रंग मी एका नजरेत जमवलाय."

बेकरीवाला भला माणूस. काउंटरमागे हात पुसत अवघडून उभा होता. दोन गिऱ्हाइकंही थांबली होती. त्याच्या मागची भिंत राखेसारखी होती, जांभळट राखेसारखी. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझी एवढी खात्री होती की ते आधीच थोडे हसत होते.

"अप्पा," मी म्हणाले, "मला हा पावासारखा नाही दिसत. जांभळा वाटतोय."

त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं. त्यांनी नख वर धरलं, दाराशी नेलं, उजेडात बघितलं, दोनदा डोळे चोळले. आम्ही परत निघालो. घराच्या फाटकाशी थांबून म्हणाले, "आणि आपलं स्वयंपाकघर?"

तेव्हा सांगायला हवं होतं. पण सकाळपासून एक भिंत त्यांच्या हातून गेलीच होती, दुसरी मला काढून घेववेना. "ते बरोबर आहे," मी म्हणाले.

बेकरी नवऱ्याने शेड कार्ड बघून परत रंगवून दिली. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की त्यांना सगळं पिवळट काचेतून दिसतंय. पांढऱ्यातही पिवळं दिसतं, म्हणून ते नकळत निळं जास्त टाकतात. आधी एक डोळा करू, महिन्याने दुसरा. अप्पा ऑपरेशनला तयार नव्हते. मग मी गेले, शेजारी बसले, करा म्हणाले. तर अप्पा म्हणाले, "तू म्हणतेस तर करतो. बेकरीत तू खरं बोललीस." आणि माझा जीव तेव्हापासून टांगणीला लागला. डोळा उघडला की पहिली भिंत ते कुठली बघणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दवाखाना चार तासांवर होता. आमच्या घरात चार तास म्हणजे सहलच. अप्पांच्या कामाच्या व्हॅनमधूनच आम्ही दरवर्षी कुठे कुठे जातो, टपावरची शिडी तेवढ्यासाठी कुणी उतरवत नाही. सासूबाईंनी डबे भरले, भाजलेले बटाटे, काकडीचे काप, ब्रेडमध्ये कोबी-गाजराचं सारण. जाताना एका ओढ्याकाठी थांबून खाल्लं. अप्पा घास चावत समाधानाने म्हणाले, "काही असो. एक भिंत तरी बरोबर जमली." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी ओढ्याकडे.

एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन परत येताना अप्पांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. डॉक्टरांनी दुपारच्या उन्हात काढू नका म्हणून बजावलं होतं, तरी दर दहा मिनिटांनी ते तो उचलत. एक डोळा मिटायचा, दुसऱ्याने बघायचं, मग उलट. "हे झाड बघ. केवढं हिरवं आहे." पुढे मैलाचा दगड. "हा पांढरा आहे होय?" मग लेकीचा स्वेटर. "हा निळा? मी इतके दिवस करडा समजत होतो, बाळा." त्यांच्या आवाजात असा आनंद होता, की मला एकीकडे देवाचे आभार मानावेसे वाटत होते आणि दुसरीकडे व्हॅन बिघडली तर बरं असंही. लेक उत्साहाने म्हणाली, "अप्पा, आता तुम्हाला आपलं स्वयंपाकघर..." सासूबाईंनी तिच्या तोंडात काकडी घातली.

घरी पोचल्यावर अप्पा चपला न काढता सरळ आत गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी चष्मा काढला, तळहाताने नवा डोळा झाकला आणि भिंतीकडे बघितलं.

"या डोळ्याला कोबी आहे," ते म्हणाले.

मग हात बदलला. "आणि याला निळं."

चारही भिंती त्यांनी तशा बघितल्या. एक डोळा, दुसरा डोळा. मग चष्मा घडी करून ओट्यावर ठेवला.

"तू दोनदा सांगितलंस, बरोबर आहे म्हणून."

"हो."

"का?"

"मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, अप्पा. कुठला रंग हवा म्हणून. तुम्ही विचारलंत. नऊ दिवस खपलात. त्यानंतर काय रंग आला याचं मला काही..."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "अगं, मी विचारलं ते तू खरं सांगशील म्हणून विचारलं होतं."

त्यानंतर आठ दिवस धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अप्पा खुर्चीत बसून राहिले. माझ्याशी बोलत, पण बेताचंच. मीठ बरोबर आहे का विचारलं तर "आहे" म्हणत आणि माझ्याकडे बघत. छापखान्यात मी त्या आठवड्यात तीन चुका सोडल्या.

नवव्या दिवशी ते म्हणाले, "सगळं परत रंगवून देतो."

"नको," मी म्हणाले. "मला हे निळं आवडायला लागलंय. याच्यापुढे भोपळा चांगला दिसतो."

"हे खरं?"

"हे खरं."

त्यांनी माझा चेहरा नीट वाचला, नव्या डोळ्याने. "बरं. मग खिडकीजवळची ताटाएवढी जागा मला दे." आणि दारापाशी थांबून म्हणाले, "आणि एक पान काढून दे."

मी गड्डा सोलत आतपर्यंत गेले आणि सगळ्यात चांगलं पान दिलं. त्यांनी ते ओट्यावर ठेवलं. लहानशा डब्यात पांढरा ओतला, थोडा पिवळा, काठीच्या टोकाने हिरवा. ढवळत राहिले. सासूबाई भाजी परतत होत्या. लेक स्टुलावर चढून बघत होती. मी अंगठ्याची वाट बघत होते, पण अप्पांनी स्वतःचा अंगठा पुढे केला नाही. त्यांनी माझा डावा हात ओढून घेतला, काठीवरचा एक थेंब माझ्या नखावर ठेवला आणि म्हणाले, "जा, खिडकीशी."

मी गेले. थेंब गार होता. एका हातात पान धरलं, दुसऱ्या हाताचं नख त्याच्याशेजारी. रंग अगदी जवळ आला होता, इतका की दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मागे भाजीतलं उलथणं थांबलेलं मला ऐकू आलं. "अगदी तसाच" हे शब्द माझ्या तोंडात तयार होते.

"हिरवा जरा जास्त झालाय, अप्पा," मी म्हणाले.

"किती?"

"थोडासाच. पण झालाय."

अप्पा हसले. पूर्ण आठवड्यात पहिल्यांदा. "मलाही तसंच वाटत होतं," म्हणाले, डब्यात चमचाभर पांढरा ओतला आणि काठी माझ्या हातात दिली.