टेपमामांचा सूर

मानसशास्त्र विभागातल्या मदतनीसाला सगळे टेपमामा म्हणत. प्रयोगाला आलेल्या प्रत्येकाला त्याच सूचना, त्याच सुरात, तोच मख्ख चेहरा ठेवून सांगायच्या, हे त्यांचं काम. खरी टेप लावूनही पाहिली होती. निम्मी मुलं पेंगली. मग मामाच बरे, असं ठरलं.

खोली राखाडी, खिडकीला जाड पडदा, भिंतीवर घड्याळसुद्धा नाही. "बरोबर-चूक असं काही नाही. तुम्हाला वाटेल ते उत्तर द्या," हे सूचनांमधलं शेवटचं वाक्य. ते ऐकून समोरचा माणूस हमखास मामांच्या तोंडाकडे बघायचा, यांना कुठलं उत्तर हवंय ते शोधायला. एकदा एका घाबरलेल्या मुलीला धीर यावा म्हणून मामांनी जराशी मान हलवली आणि अख्ख्या प्रयोगाची मेहनत पाण्यात गेली. विभागप्रमुख बाई रागावल्या नाहीत. त्यांनी नुसते कागद फाडले. तेव्हापासून मामांची भुवईसुद्धा कधी हलली नाही.

बाहेरचे प्रयोगही असत. बसथांब्यावर मामा हातातली फाइल मुद्दाम पाडत आणि उचलायला कोण वाकतंय ते बाई लांबून बघत. तिसरा प्रकार मामांना सगळ्यात सोपा वाटे, कारण त्यात आपण काहीच करायचं नसतं. रस्ता खचून एका वस्तीतली शाळा बंद पडली, शेजारच्या वस्तीतली चालू राहिली, तर दोन्हीकडच्या मुलांत काय फरक पडतो ते फक्त बघायचं.

बायको गेल्यापासून मामा घरात एकटेच होते. त्यात लेक नवऱ्याशी भांडून बॅग घेऊन आली. मामांना बरं वाटलं, फार बरं वाटलं; पण ते चेहऱ्यावर आणायची सवय कधीच सुटली होती. मग जावयाचा फोन आला: रविवारपर्यंत ये, नाहीतर येऊच नकोस.

शनिवारी संध्याकाळी भांडी पुसता पुसता तिने विचारलं, "बाबा, जाऊ का राहू?"

राहा, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण आपल्या मनातलं तिच्या गळ्यात मारू नये, असं मामांना प्रामाणिकपणे वाटलं. तोंडून निघालं ते सवयीचंच.

"बरोबर-चूक असं काही नाही. तुला वाटेल ते कर."

ती बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग फडकं वाळत घालून बॅग भरायला गेली.

सकाळी दारात चपला घालताना ती म्हणाली, "एकदा राहा म्हणाला असतात, तर राहिले असते."

गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत मामा खिडकीतून बघत राहिले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मग त्यांनी तिचा कप विसळून पालथा घातला.

सोमवारी राखाडी खोलीत नवा मुलगा बसला होता. मामांनी सगळ्या सूचना सांगितल्या, शेवटच्या वाक्यासकट. सूर तसूभरही हलला नाही. मुलाने मान वर करून त्यांच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.