रक्तावरची साय

लॅबमध्ये रक्तापेक्षा संशय जास्त जमा होतो. रक्त संध्याकाळी टाकून तरी देता येतं! नारायण पेठेतल्या एका छोट्या लॅबमध्ये मी रक्त काढायचे, तेव्हा हिंजवडीत आयटी कंपन्या नुकत्या भरायला लागल्या होत्या आणि तिथल्या पोरांना मेडिकल चेकअप कंपल्सरी झालं होतं. बाकीचे किस्से राहू देत, दातारांचेच ऐका.

*

निखिल दातार प्रोग्रॅमर, अंगाने काडी. रात्रभर उपाशी राहून आला होता. मशीनमध्ये नळी फिरवल्यावर वर पिवळसर पाणी दिसायला हवं, तर हे दुधासारखं पांढरं! सोबत त्याचे बाबा होते, बँकेतून रिटायर झालेले दातारकाका.

"दूध पिऊन आलास?"

"नाही हो बाबा."

"मग सांडलं कोणी त्यात?" हे माझ्याकडे बघून!

*

रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल बरं, ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी भयंकर. आमच्या डॉक्टरबाईंनी सगळ्यांना विचारतात तेच विचारलं, "ड्रिंक्स घेता?"

"थेंबसुद्धा नाही," निखिल म्हणाला.

काकांनी फक्त प्रश्न ऐकला. त्या दिवसापासून निखिल कंपनीच्या बसमधून उतरून घरी आला की दारातच हुकूम, "आ कर!" वास घेतल्याशिवाय चपला काढायची सोय नाही.

पुढच्या तपासणीला निखिलची आई, दातारकाकू, सोबत आल्या. मला म्हणाल्या, "जेवणानंतर वेलदोडा खायचा बिचारा, तोही सोडला. हे म्हणतात, कसला वास लपवतोस!"

*

डॉक्टरबाईंनी काकांना बसवून समजावलं. दारूने, गोडाने हे वाढतं खरं, पण काही घरांत ते जीन्समधूनच येतं. आणि ते वाढलं की वाईट कोलेस्टेरॉलचे कण बरेचदा लहान आणि घट्ट होतात. एकूण आकडा बरा दिसतो, पण हे बारीक कण रक्तवाहिनीच्या भिंतीत सहज शिरतात.

"कण मोजायचं मशीन आहे तुमच्याकडे?"

"इथे नाही."

"मग बारीक आहेत हे बघितलं कोणी?"

बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

*

घराण्याचा विषय निघाला तशा काकू म्हणाल्या, "आमच्या माहेरी कोणाला नाही हो."

"माहेरी तपासलंय कोणी?"

"मग तुम्ही तपासा!"

"मला काय धाड भरलीय? रोज पर्वती चढतो मी!"

गंमत तिथेच संपली. एके दिवशी निखिल एकटाच आला. म्हणाला, "ताई, हिंजवडीत खोली बघतोय. रोज तोंड उघडून घरात शिरायचं नाही मला. बाबांना मी खोटारडा वाटतो." मला फार वाईट वाटलं. मी त्याच दिवशी काकूंना फोन केला, काहीही करा पण काकांना एकदा आणा.

*

काका आले, उपाशी आणि घुश्शात. मागे काकू आणि निखिल. काकांनी सुईचं पाकीट सीलबंद आहे का बघितलं. नळीवर नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. "अदलाबदल नको," म्हणाले.

मी नळी फिरवून बाहेर काढली. निखिलपेक्षाही दाट, वर साय धरायचीच काय ती बाकी!

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग नळीवरचं स्वतःचं अक्षर दोनदा वाचलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, आम्हाला एक विचारावं लागतं..."

तेवढ्यात काकूंनी पर्स बाजूला ठेवली आणि खुर्ची काकांच्या अगदी समोर ओढली.

"अहो, आपण जरा आ करा बघू!"