साका आणि एक रेघ

हापूसचा वास आला की माझ्याभोवती तीच सोनेरी, सुस्त दुपार पसरते. देवगडच्या बागेत, गवताच्या अढीला टेकून आंबे निवडणारी मावशी तापाने कुडकुडत होती. मी विकायला आणलेल्या मलेरिया तपासणीच्या पट्टीवर तिच्या रक्ताच्या थेंबाने एकच रेघ उठली; मलेरिया असता तर दोन उठल्या असत्या. "मलेरिया नाही. पट्टी चुकत नाही!" मी आमच्या कंपनीचं पत्रक नाचवलं. ती कण्हतच हसली, "शाणो मोठो! आंब्याचो गर आतून नासवणारो साको वरसून दिसता? धा आंबे कापून बघतंव, तेव्हाच आमची पारख किती खरी ता कळता. तुझ्या पट्टेची पारख कोणी केली रे?" चिडून मी तिचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतलं. मलेरियाच होता! बरी झाल्यावर तिने माझ्या उरलेल्या पत्रकांत आंबे गुंडाळले. आता पट्टी पुढे करणाऱ्या प्रत्येकाला मी खडसावतो, शंभर आजाऱ्यांतले किती हिच्या नजरेतून सुटतात? उत्तर मिळेपर्यंत मी हलत नाही.