मिशीवाल्या बाई

बूढापारा मोहल्ल्यातल्या त्या घराच्या व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या होत्या. एक बाईंची, एक माझी. अकरा वर्षं दर रविवारी सकाळी मी तिथे बसत आलो होतो. एका रविवारी गेलो, तर माझ्या खुर्चीत दुसरंच कोणी बसलेलं.

"शेठ, स्टूल ओढून घे," बाई म्हणाल्या.

मी उरल्याच्या कारखान्यांच्या भागात लोखंडाच्या भंगाराचा धंदा करतो. सुरुवात ठेल्यावर झाली, दारोदार रद्दी घेत. बाईंच्या दारी तसाच पोचलो होतो. त्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. व्हरांड्यात ट्रंक भरून जुन्या इंग्रजी कादंबऱ्या काढून ठेवल्या होत्या. मी किलोचा भाव सांगितला, त्यांनी वाढवून मागितला, मी खोट काढली, त्यांनी माझ्या तराजूची खोट काढली. असं अर्धा तास चाललं. शेवटी म्हणाल्या, "घासाघीस बरी येते तुले. यातलं एक पुस्तक वाचून ये. मग सगळी ट्रंक फुकट ने."

फुकट म्हटल्यावर मी कशाला सोडतो? मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी आणि शेजारी डिक्शनरी, एवढ्यावर चार महिने लागले. पुस्तक संपलं तेव्हा ट्रंकेचं डोक्यातून गेलं होतं. मला एवढंच विचारायचं होतं, की असं आणखी कोण लिहितं.

तिथून आमचं सुरू झालं. बाई एका वेळी एकच लेखक सांगायच्या, आणि सांगण्याआधी विचारायच्या, "मागच्यात काय आवडलं?" गरिबांचं आवडलं म्हटलं की एकीकडे पाठवायच्या, मोठ्या लोकांची फजिती आवडली म्हटलं की दुसरीकडे. मी एकदम दोन नावं मागायचो. त्या एकाच्या वर एक नाव देत नसत. उरल्यात मी रोलिंग मिलच्या मालकांना घाम फोडतो, पण या व्हरांड्यात माझी घासाघीस कधी चालली नाही.

त्या लेखकांची नावं मात्र माझ्या जिभेवर बसेनात. मी उच्चारली की शेजारची कॉलेजातली पोट्टी कठड्यावरून हसायची, आणि माझं डोकं फिरायचं. मग बाईंनी सगळ्यांची नवी बारशी केली. लंडनचं धुकं आणि वर्षानुवर्षं न संपणारे खटले लिहिणारे ते कोर्टवाले काका. सूतगिरणीतल्या मजुरांची कड घेणाऱ्या त्या गिरणीवाल्या मावशी. चर्चच्या नेमणुकांवरून होणारी गोड भांडणं लिहिणारे ते पाद्रीवाले. ही भाषा जगात दोनच माणसांना येत होती. मी ठेल्यावरून गोदामावर गेलो, गोदामावरून स्वतःच्या वजनकाट्यावर, पण ही भाषा बोलणारा दुसरा माणूस आहे हे मला त्याहून जास्त वाटायचं.

मग राज्य नवं झालं, आणि आमचं शहर त्याची राजधानी. भोपाळहून फायली आल्या, फायलींमागून माणसं आली. घरभाडी एका महिन्यात दुप्पट झाली. माझं लोखंडही महाग झालं, तेव्हा मला तक्रार नव्हती. पण त्या माणसांतली एक माझ्या खुर्चीत येऊन बसली.

मंत्रालयात अधिकारी, तेलीबांध्याला नवा फ्लॅट, वय पस्तिशीचं. आईवडील नागपूरचे, शिक्षण भोपाळचं, त्यामुळे मराठी सुरू करायची आणि हिंदीत संपवायची. तीन आठवड्यांपासून ऑफिस सुटल्यावर बाईंकडे येत होती, हे मला तेव्हा कळलं. माझ्यासाठी ती मंत्रालयवाली. तिला व्हिक्टोरियन कादंबऱ्यांचं वेड कॉलेजपासूनचं. लेखकांची खरी नावं ती अशी घ्यायची जणू ते तिच्या माहेरच्या गल्लीत राहत होते. एकही अडखळ नाही.

"भैया, आप भी पढ़ते हैं? बाई म्हणाल्या मला," ती म्हणाली.

"आम्ही काय, भंगारवाले," मी म्हटलं. "वजन करून वाचतो."

ती हसली. बाईही हसल्या. मला तेही आवडलं नाही.

मग ती बाईंकडे वळून म्हणाली, "मावशींचं तर मी परवाच संपवलं. पण बाई, मिशीवाल्या तो कमाल हैं! त्यांच्यासमोर सगळे फिके."

'मावशी' म्हणाली ती. आमच्या मावशी, हिच्या तोंडात. तेही मी गिळलं असतं. पण मिशीवाल्या? या नावाचं आमच्याकडे कोणी नव्हतं.

"कोण मिशीवाल्या?" मी विचारलं.

"अरे, पुरुषाच्या नावानं लिहायच्या ना, म्हणून बाईंनी नाव ठेवलं. तुम्हाला नाही माहीत?"

मी बाईंकडे पाहिलं. त्या चहात साखर ढवळत राहिल्या. साखर केव्हाच विरघळली असेल.

"बाई, मले काहून नाही सांगितलं?"

"सांगीन की."

"अकरा वर्षं झाली. हिले किती झाले? तीन आठवडे?"

"शेठ, आवाज खाली."

माझा आवाज खाली येत नसतो. मी चहा तसाच ठेवला, स्टूल लाथेने बाजूला केलं, फाटक आपटलं. मागून मंत्रालयवाली विचारत होती, "क्या हुआ, मैंने कुछ ग़लत कह दिया?"

दोन महिने मी गेलो नाही. रविवारी सकाळी काट्यावर ट्रकांची वजनं बघत बसायचो आणि डोक्यात एकच, की आत्ता ती माझ्या खुर्चीत बसली असेल. बाई तिला काय सांगत असतील? आणखी किती बारशी झाली असतील? पुरुषाच्या नावानं लिहिणारी बाई, एवढंच सांगून मिशीवाल्यांचं पुस्तक मी नागपूरहून मागवलं. पुरुषाचं नाव छापलेलं, नऊशे पानांचं. वाईट निघावं अशी मनापासून इच्छा होती.

वाईट नव्हतं. एका लहान गावातली माणसं, कोणी पूर्ण चांगलं नाही, कोणी पूर्ण वाईट नाही, आणि लिहिणारी बाई कोणाचाच भाव पाडत नाही. काका, मावशी, पाद्रीवाले, सगळ्यांच्या वरचं होतं ते. म्हणजे माझा संताप खरा होता, हे पानापानावर सिद्ध होत गेलं. सर्वांत उत्तम माल बाईंनी मला दाखवलाच नव्हता.

पुस्तक घेऊन गेलो तेव्हा बाई एकट्याच होत्या. मी ते त्यांच्यासमोर टेबलावर आपटलं.

"अकरा वर्षं माल दाबून ठेवला तुम्ही. मी एवढा अडाणी वाटलो?"

"बस आधी."

मी माझ्या खुर्चीत बसलो.

"यांच्यानंतर माझ्याकडे तुले द्यायला काही नव्हतं," बाई म्हणाल्या. "हा शेवटचा माल. भंगारवाला रिकाम्या घरी येतो का?"

"आणि तिले काहून दिला?"

"ती वर्षा-दोन वर्षांत बदलून जाईल. तिच्याशी हात राखून काय करू?"

मीही उरल्यात हेच करतो. जो रोज येतो त्याला सगळं गोदाम एका दिवशी कोण दाखवतं? तरी राग गेला असं मी म्हणणार नाही. पुढच्या रविवारपासून अर्धा तास आधी जाऊ लागलो. मंत्रालयवाली आली की स्टूल ओढून घ्यायची. कुरकुरली नाही कधी, हेही मला खुपायचं.

काही महिन्यांनी ती फाटकातच भेटली. "भैया, मिशीवाल्यांचं सगळं संपलं. अब क्या पढूँ? बाई म्हणाल्या, आता माझ्याकडे काही नाही, शेठला विचार."

बाईंनी तिला माझ्याकडे पाठवलं होतं. मी तिथेच, स्कूटरला टेकून, बाईंसारखंच विचारलं, "मागच्यात काय आवडलं?"

ती दहा मिनिटं बोलली. चांगलं बोलली. ऐकता ऐकता मला कळलं की हिला कोणता लेखक पाहिजे. मागच्या पावसाळ्यात एका बंद पडलेल्या शाळेच्या कपाटात तो मला सापडला होता. फारसा कोणाला माहीत नसलेला. बाईंनीही वाचला नव्हता. त्याचं बारसंही अजून झालं नव्हतं.

मी तिला दुसरा सांगितला. चांगलाच सांगितला, त्यात फसवणूक नाही. ती नाव लिहून घेऊन खूश होऊन गेली.

तो शाळेच्या कपाटातला मात्र पिशवीत होता. आत गेलो, खुर्चीत बसलो आणि बाईंना म्हटलं, "एक नवीन आलाय. याचं नाव मी ठेवणार."