मीटरवर एकशे ऐंशी होतं

सरांनी माझं जर्नल दोन बोटांत धरून वर केलं, खरकटं फडकं धरावं तसं. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं वाचलं. "व्होल्टेज, एकशे ऐंशी." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमच्या वस्तीवर आकडा टाकून लाईट घेतेत ना? तिथलं माप इथं लिहिलं का गं?"

वर्ग हसला. आयटीआयच्या वर्गात तीस पोरं आणि आम्ही दोघी मुली. दुसरी मुलगीही हसली. तिला मी दोष देत नाही. ती हसली नसती तर पुढची पाळी तिची होती.

तारेवर आकडा टाकून वीज चोरतात, खरं आहे. पण आमच्या घरात मीटर आहे. तलवाड्याकडच्या आमच्या वस्तीवर ते बसलं, तेव्हापासून दसऱ्याला आई कोयत्याला हळद-कुंकू लावते तेव्हा मीटरलाही लावते. हे मला सांगता आलं असतं. पण मी मान खाली घालून उभी राहिले.

प्रयोग साधा होता. शेगडीची हजार वॅटची कॉईल. तिचं व्होल्टेज मोजायचं, करंट मोजायचा. व्होल्टेजला करंटनं भागलं की रोध निघतो, गुणलं की पॉवर. झालं. मी मोजलं. व्होल्टमीटरवर एकशे ऐंशी, अँमीटरवर तीन पॉइंट चार. भागाकार केला, रोध आला त्रेपन्न ओहम. गुणाकार केला, सहाशे बारा वॅट.

बाकी सगळ्यांचं व्होल्टेज दोनशे तीस होतं आणि पॉवर बरोबर हजार. एकाचाही फरक नाही. कारण मीटर कुणी बघितलंच नव्हतं. मागच्या बॅचचं एक जर्नल वर्गात फिरायचं, त्यावरून उतरवायचं. दरवर्षी असंच. सरांनाही ठाऊक होतं, त्यांनीच ते कपाटात जपून ठेवलेलं.

माझ्या शेजारी बसणाऱ्या पोराच्या बापाची पन्नास एकर बागायत. कमी व्होल्टेजनं त्यांच्या विहिरीवरची मोटार दोनदा जळाली होती, त्यानंच सांगितलेलं. आमच्या भागात लाईट कधी पुरी येते का, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सगळ्यात मोठ्यानं तोच हसला. नंतर मला म्हणाला, "कशाला डोकं लावती? उतरवून मोकळं व्हायचं."

सर म्हणाले, "खोड. दुसऱ्याचं बघून लिही. न्हाईतर सही न्हाई." सही नाही म्हणजे परीक्षा नाही.

आई तेव्हा कोल्हापूरकडं उसाच्या फडात तोडीला होती. दुपारी जेवायला बसली की फोन उचलायची. मी सगळं सांगितलं. तिला व्होल्ट कळले नाहीत, पण बाकीचं नेमकं कळलं. म्हणाली, "सर म्हणतेत तसं कर बाई. आपून कोण लागून गेलो त्यांना शिकवायला?"

मी खोडलं. रबर इतकं घासलं की कागद झिजून मागच्या पानाची शाई दिसायला लागली. त्यावर दोनशे तीस लिहिलं. सरांनी न बघता सही केली. वर्ग हसला त्याचं इतकं वाटलं नव्हतं, जितकं स्वतःच्या हातानं खोडल्याचं वाटलं.  लाज वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची तेही कळत नव्हतं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला तीच कॉईल माझ्या वाट्याला आली. मीटरवर एकशे शहात्तर. मी पेन उचललं. सर मागं येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "दोनशे तीस लिही."

"सर, मीटर एकशे शहात्तर दाखवतंय."

"मीटरकडं बघणार का माझ्याकडं बघणार?"

"मीटरकडं."

मी एकशे शहात्तर लिहिलं.  करंट आला तीन पॉइंट तीन, पॉवर पाचशे ऐंशी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कागद बघितला. म्हणाले, "हजाराची कॉईल आहे. निम्मी पॉवर कशी?" मी म्हणाले, "सर, रोध बघा. त्रेपन्नच आहे. कॉईल चांगली आहे. लाईट कमी येतेय." त्यांनी एकदा मीटरकडं बघितलं. त्यांना कळलं. मग त्यांनी आमच्या सरांकडं बघितलं.

त्यांना कळलं होतं, तरी प्रॅक्टिकलला मी नापास झाले.

आईला कळलं तेव्हा ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "त्या दुसऱ्या पोरीनं काय लिहिलं?" मी सांगितलं, "दोनशे तीस." आई उठून भाकरी थापायला बसली. तिचं ते उठून जाणं मला नापास होण्यापेक्षा जड गेलं. दसरा झाला, ऊसतोड टोळीचा ट्रक आला, आणि मी तिच्याबरोबर बसले. एक हंगाम ऊस तोडला. हाताच्या भेगांत पाचटीची कुसळं जाऊन बसली, अजून काही निघाली नाहीत. फडात आई कधी कधी कोयता थांबवून माझ्याकडं बघायची आणि पुन्हा तोडायला लागायची.  

आता परत फॉर्म भरलाय. तेच आयटीआय, तेच सर. फॉर्म घेताना म्हणाले, "यंदा तरी शहाण्यासारखं वाग." मी पावती घेतली आणि बाहेर आले.

पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकलला मी मीटर बघणार आणि दिसेल तेच लिहिणार. खोडणार नाही. नापास करायचं तर करा. मी पुढच्या वर्षीही येईन. त्याच्या पुढच्या वर्षीही.